डायएथिल ईथर : प्रयोगशाळेतील धोके आणि सुरक्षित हाताळणी

डायएथिल ईथर हे प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या सर्वांत जुन्या सेंद्रिय द्रावकांपैकी एक आहे. रंगहीन, पाण्याहून हलका, गोडसर उग्र वासाचा हा द्रव अनेक पदार्थ सहज विरघळवतो आणि काम संपताच सहज उडून जातो. या दुसऱ्या गुणामुळेच तो रसायनशास्त्रज्ञांना प्रिय झाला, आणि या गुणामुळेच तो धोकादायकही आहे. ईथर ज्वलनशील असते हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. मात्र ईथरचा धोका बहुधा बाटलीपाशी आणि त्या क्षणी दिसत नाही. तो बाटलीपासून काही अंतरावर, किंवा बाटली उघडल्यानंतर काही महिन्यांनी समोर येतो. औषधनिर्माण, जैवतंत्रज्ञान, अन्नतपासणी आणि विद्यापीठीय संशोधन या क्षेत्रांत परदेशी काम करणाऱ्या मराठी व्यावसायिकांना उपयोगी पडेल अशी या द्रावकाची माहिती येथे दिली आहे.

ओळख आणि पूर्वपीठिका

दोन एथिल गट एका ऑक्सिजन अणूच्या दोन बाजूंना जोडले गेले की डायएथिल ईथरचा रेणू तयार होतो. एथिल ईथर, इथॉक्सीइथेन किंवा नुसते ‘ईथर’ या नावांनीही ते ओळखले जाते. सोळाव्या शतकात, १५४० च्या सुमारास, वालेरिउस कॉर्डुस या जर्मन वैद्याने अल्कोहोल व सल्फ्यूरिक आम्ल यांपासून ते तयार करण्याची रीत नोंदवली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करता येते हे जाहीरपणे दाखवून दिले. ते सभागृह ‘ईथर डोम’ या नावाने आजही जतन करून ठेवलेले आहे.

पुढे शतकभर जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत ईथर वापरले गेले. विजेवर चालणारी दाहक उपकरणे शस्त्रक्रियेत आल्यावर मात्र त्याची मोठी अडचण उघड झाली. माणसाला भूल देण्यासाठी श्वासातील हवेत ईथरचे जे प्रमाण लागते ते सुमारे २ टक्के आहे, आणि हवेतील ईथर पेट घेऊ शकते तेही १.९ टक्क्यांपासूनच. रुग्णाला निद्रिस्त करणारी हवा ही अशा रीतीने पेटण्याजोगी हवाच होती. १९५६ मध्ये न पेटणारे हॅलोथेन वैद्यकीय वापरात आले आणि श्रीमंत देशांतून भूल देण्यासाठी ईथरचा वापर हळूहळू थांबला.

प्रयोगशाळेत मात्र ते टिकून राहिले. ग्रिन्यार अभिकर्मक तयार करणे, पाण्यातील द्रावणातून सेंद्रिय पदार्थ वेगळा काढणे, अन्नपदार्थातील स्निग्धांश मोजणे अशा कामांत ते आजही लागते. थंड प्रदेशांत डिझेल इंजिन सुरू करण्यासाठी मिळणाऱ्या फवाऱ्याच्या डब्यांतही ते असते. घरच्या गॅरेजमधील असा डबा हिटरजवळ ठेवू नये, याचे कारणही पुढील विवेचनात आहे.

येथे एक नामसाधर्म्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. पेट्रोलियम ईथर हे नावापुरतेच ईथर होय. ते पेंटेन व हेक्झेन वर्गातील हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. आगीच्या बाबतीत तेही तितकेच सावधपणे हाताळावे लागते. मात्र साठवणीत पेरॉक्साइड तयार होण्याचा जो धोका खऱ्या ईथरला आहे, तो त्याला नाही.

महत्त्वाचे गुणधर्म

उत्कलनबिंदू : ३४.६ अंश सेल्सिअस
फ्लॅश पॉइंट : उणे ४५ अंश सेल्सिअस
स्वयंप्रज्वलन तापमान : १६० ते १८० अंश सेल्सिअस (मापनपद्धतीनुसार)
हवेतील ज्वलनमर्यादा : १.९ ते ३६ टक्के
बाष्पाची घनता : हवेच्या सुमारे २.६ पट
द्रवाची घनता : प्रतिमिलिलिटर ०.७१ ग्रॅम
वाहतुकीचा संयुक्त राष्ट्र क्रमांक : ११५५, वर्ग ३, वेष्टन गट १

ज्या तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावरील बाष्प ठिणगी मिळताच पेटू शकते, त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. ईथरच्या बाबतीत तो उणे ४५ अंश असल्याने, घरगुती फ्रीझरमधील उणे १८ अंशांनाही त्याचे बाष्प पेट घेऊ शकते. उत्कलनबिंदू तर माणसाच्या शरीराच्या तापमानाहून कमी आहे. तळहाताच्या उबेने ईथर उकळू शकते. पृथक्करण नरसाळे हलवताना त्यात दाब का साठतो आणि तोटी वारंवार उघडून तो का सोडावा लागतो, याचे हे कारण होय. मे महिन्यातील नागपुरात किंवा ऑगस्टमधील दोह्यात वातानुकूलन बंद पडल्यास कपाटातील बाटली उत्कलनबिंदूच्या वर पोहोचते. अशी तापलेली बाटली थंड होऊ दिल्याशिवाय उघडू नये.

रसायनांच्या वर्गीकरणाच्या जागतिक पद्धतीत, फ्लॅश पॉइंट २३ अंशांखाली आणि उत्कलनाचा आरंभ ३५ अंशांपर्यंत असलेले द्रव सर्वाधिक ज्वलनशील अशा पहिल्या श्रेणीत मोडतात. ईथर या श्रेणीत बसते.

पहिला धोका : दूर जाणारे बाष्प

ईथरचे बाष्प हवेहून जड असल्याने ते वर न जाता खाली उतरते. ओट्याच्या कडेवरून ओघळून ते जमिनीलगत पसरते आणि काही मीटरवरील ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. ठिणगी मिळताच ज्योत बाष्पाच्या वाटेने मूळ पात्राकडे परत येते. म्हणून ‘माझ्या ओट्यावर ज्योत नाही’ हा दिलासा पुरेसा नसतो. शेजारच्या ओट्यावर, त्याखालच्या कपाटात आणि भिंतीलगतच्या विद्युत उपकरणांत काय चालू आहे, हेही पाहावे लागते.

याचे प्रमाण आकड्यांत मांडणे उद्बोधक ठरेल. १०० मिलिलिटर ईथर खोलीच्या तापमानाला पूर्ण उडाले तर त्याचे सुमारे २३ लिटर बाष्प होते. एक घनमीटरहून अधिक हवा पेटण्याजोगी करण्यास तेवढे पुरेसे आहे. फ्रिजच्या बाबतीत हा हिशेब अधिक गंभीर होतो. दीडशे लिटर आतील जागा असलेल्या बंद फ्रिजमध्ये साधारण १३ मिलिलिटर ईथर उडाले तरी आतील हवा ज्वलनमर्यादेत येते. स्वयंपाकघरातील एक टेबलस्पूनही त्याने भरणार नाही. घरगुती फ्रिजच्या आत दिव्याचा खटका आणि तापमापी स्विच असतो. दोहोंतूनही ठिणगी पडू शकते. रात्री झाकण सैल राहिलेली बाटली आणि पहाटे आपोआप चालू झालेला फ्रिज एवढ्यावर स्फोट होऊ शकतो, आणि त्या वेळी खोलीत कोणीही काही हाताळत असण्याची गरज नसते. ईथर थंड ठेवणे आवश्यकच असेल, तर आतील भागात ठिणगीचे कोणतेही साधन नसलेला, ज्वलनशील पदार्थांसाठीच बनवलेला फ्रिज वापरावा. घरगुती फ्रिजवर सूचना चिकटवून तो सुरक्षित होत नाही.

ठिणगीविनाही ईथर पेटते, ही गोष्ट अधिक सहज विसरली जाते. त्याचे स्वयंप्रज्वलन तापमान १६० ते १८० अंश आहे, तर प्रयोगशाळेतील हॉट प्लेटचा पृष्ठभाग ३०० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. तापलेल्या प्लेटवर ईथर सांडले तर ज्योतीची वाट न पाहता ते पेट घेते. बटण बंद केल्यावरही प्लेट बराच काळ तापलेली असते. ईथर तापवायचे असल्यास वाफेची किंवा गरम पाण्याची कुंडी वापरावी, आणि पाणी शक्यतो दुसरीकडे तापवून आणावे.

अन्नतपासणीच्या प्रयोगशाळांत हा धोका भट्टीच्या रूपाने येतो. ईथरने काढलेला स्निग्धांश वाळवण्यासाठी पात्र गरम हवेच्या भट्टीत ठेवतात. पात्रात थोडेसे ईथर शिल्लक असेल तर बंद भट्टीत ज्वलनशील मिश्रण तयार होते आणि तापलेली तार त्याला पेटवते. पात्र आधी फ्यूम हूडमध्ये पूर्ण कोरडे होऊ द्यावे, ईथरचा मागमूस उरला नाही याची खात्री करावी, मगच ते भट्टीत ठेवावे.

स्थितिक विजेचाही विचार करावा लागतो. ईथर विजेचे दुर्वाहक असल्याने वेगाने ओतताना त्यात विद्युतभार साठतो. धातूच्या मोठ्या डब्यातून दुसऱ्या धातूच्या पात्रात ओतताना दोन्ही पात्रे तारेने एकमेकांना जोडून भूसंपर्कित करावीत आणि ओतण्याचा वेग कमी ठेवावा.

दुसरा धोका : वाढत जाणारे पेरॉक्साइड

बाष्पाचा धोका अंतराचा, तर हा दुसरा धोका काळाचा आहे. ईथरच्या रेणूत ऑक्सिजनशेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन तुलनेने सैल बांधलेला असतो. हवेतील ऑक्सिजन व प्रकाश यांच्या सान्निध्यात तेथे मुक्तमूलक शृंखला सुरू होते आणि हायड्रोपेरॉक्साइड तयार होते. पुढे त्यापासून बहुवारिक पेरॉक्साइडे बनतात. ही संयुगे घर्षण, आघात किंवा उष्णता यांनी स्फोट पावू शकतात.

पेरॉक्साइडे ईथरपेक्षा पुष्कळच कमी बाष्पनशील असतात. ईथर उडत जाते, ती मागे राहतात. म्हणून सैल झाकणाची, तळाशी थोडेसे ईथर उरलेली जुनी बाटली भरलेल्या बाटलीहून अधिक धोकादायक असते. ऊर्ध्वपातन करताना किंवा रोटरी इव्हॅपोरेटरवर द्रावक काढताना हीच प्रक्रिया काही मिनिटांत घडते. सुरुवातीला निरुपद्रवी वाटणारे अल्प प्रमाण शेवटच्या काही थेंबांत एकवटते, आणि नेमके त्याच वेळी पात्र तापत असते.

उत्पादक बहुधा ईथरमध्ये अल्प प्रमाणात बीएचटी हे प्रतिबंधक द्रव्य मिसळतात. काही प्रकारांत त्यासाठी इथेनॉल असते. बीएचटी पेरॉक्साइड बनण्याची क्रिया मंद करते, पण ती कायमची थांबवत नाही. शिवाय ते ईथरबरोबर उडत नाही, त्यामुळे ऊर्ध्वपातन करून मिळवलेल्या ताज्या ईथरमध्ये ते नसते. सर्वांत शुद्ध ईथर हेच सर्वांत असंरक्षित असते. असे ईथर लागेल तेवढेच काढावे आणि साठवू नये. थंडीनेही पेरॉक्साइडची निर्मिती थांबत नाही. फ्रिजमध्ये ठेवलेल्या बाटलीलाही तारखेचा नियम तितकाच लागू आहे.

तारीख आणि चाचणी

या धोक्यावरील पहिला उपाय साधा आहे. बाटली आली ती तारीख, उघडली ती तारीख आणि प्रत्येक चाचणीची तारीख व निष्कर्ष बाटलीवरच लिहावेत. अनेक संस्थांत न उघडलेली बाटली सुमारे वर्षभर आणि उघडलेली बाटली तीन ते सहा महिने ठेवण्याची मुभा असते. आपल्या संस्थेचा नियम पाहून तोच पाळावा. ऊर्ध्वपातन किंवा बाष्पीभवन करण्यापूर्वी मात्र बाटली कितीही नवी असली तरी चाचणी करावी.

चाचणीसाठी बाजारात मिळणाऱ्या पट्ट्या सोयीच्या असतात. त्या वापरताना एक चूक वारंवार होते. पट्टीवरील रंगाची क्रिया घडण्यास पाणी लागते. ईथरमध्ये बुडवलेली पट्टी प्रथम कोरडी होऊ द्यावी आणि मग पाण्याने ओलसर करावी. ही दुसरी पायरी गाळली तर रंग येत नाही आणि सदोष बाटली निर्दोष ठरते. रासायनिक चाचणीत ग्लेशियल ॲसेटिक आम्ल व पोटॅशियम आयोडाइड यांत थोडे ईथर मिसळतात. पिवळा रंग पेरॉक्साइडचे अस्तित्व दाखवतो. तपकिरी रंग त्याचे प्रमाण मोठे असल्याचे सांगतो. दोन्ही पद्धती मुख्यतः हायड्रोपेरॉक्साइड ओळखतात. काही बहुवारिक पेरॉक्साइडे त्यांतून निसटू शकतात. म्हणूनच अनुकूल निष्कर्ष मिळाला तरी जुनी बाटली वापरात ठेवू नये.

अनेक विद्यापीठांच्या मार्गदर्शिकांत प्रतिदशलक्ष २५ भागांपर्यंतचे प्रमाण सर्वसाधारण वापरास चालते, २५ ते १०० भाग असल्यास ऊर्ध्वपातन वा संहतीकरण वर्ज्य मानले जाते, आणि १०० भागांच्या पुढे बाटली वापरातून काढली जाते. अल्प प्रमाणातील पेरॉक्साइड सक्रिय ॲल्युमिनाच्या स्तंभातून गाळून किंवा फेरस सल्फेटच्या द्रावणाने धुऊन काढता येते. वापरलेल्या ॲल्युमिनावर पेरॉक्साइड तसेच राहू शकते, याचे भान ठेवून ती कोरडी पडू देऊ नये. ऊर्ध्वपातन कधीही कोरडे होईपर्यंत करू नये. पात्रात निदान दहा ते वीस टक्के द्रव शिल्लक ठेवावा.

तारीख नसलेली, फार जुनी, झाकणाभोवती किंवा तळाशी स्फटिक जमलेली, अथवा तळाशी दाट तेलकट थर दिसणारी बाटली सापडली तर ती उघडू नये, हलवू नये, तिची चाचणीही करू नये. झाकणाच्या आट्यांत जमलेले पेरॉक्साइड झाकण फिरवण्याच्या घर्षणाने स्फोट पावू शकते. जागा मोकळी करून, दुसऱ्यांना प्रवेश बंद करून संस्थेच्या सुरक्षा विभागाला कळवावे. ‘हळूच उचलून बाहेर ठेवू’ हा विचार कितीही सद्हेतूने केलेला असला तरी तो टाळावा.

आरोग्यावरील परिणाम

ईथर श्वासावाटे गेल्यास गुंगी, डोकेदुखी, मळमळ व चक्कर येते. प्रमाण वाढल्यास शुद्ध हरपते. त्वचेवर वारंवार लागल्यास ते तेलकटपणा काढून घेते आणि त्वचा कोरडी पडून भेगाळते. नायट्राइलचे पातळ हातमोजे ईथर फार काळ अडवत नाहीत. ते शिंतोड्यांपुरतेच समजावेत आणि ईथर लागताच बदलावेत.

अमेरिकेत ओशा या संस्थेने आठ तासांच्या सरासरीसाठी प्रतिदशलक्ष ४०० भागांची मर्यादा घातली आहे. ब्रिटनमध्ये ती १०० भाग असून अल्पकाळासाठी २०० भागांची मर्यादा आहे. एका देशातून दुसऱ्या देशात कामाला जाणाऱ्यांनी हा चौपट फरक लक्षात घ्यावा. वासावर विसंबून राहणेही योग्य नाही. ईथरचा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, पण नाक त्याला लवकरच सरावते आणि प्रमाण वाढत असल्याचे कळेनासे होते.

औषधनिर्मितीतील व्यावसायिकांसाठी येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. औषधांतील अवशिष्ट द्रावकांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत ईथर तिसऱ्या वर्गात, म्हणजे कमी विषारी द्रावकांत, गणले जाते. तो निर्वाळा औषध घेणाऱ्या रुग्णापुरता आहे. औषध बनवणाऱ्या कामगाराच्या आगीपासूनच्या सुरक्षिततेविषयी तो काहीही सांगत नाही. कमी फ्लॅश पॉइंट व पेरॉक्साइड या कारणांनीच मोठ्या औषध कंपन्यांच्या द्रावक-निवड तक्त्यांत ईथर अनिष्ट मानले जाते. शक्य तेथे मिथिल टर्ट-ब्युटिल ईथर किंवा सायक्लोपेंटिल मिथिल ईथर असे पर्याय निवडावेत. ती दोन्हीही ज्वलनशील आहेत, पण त्यांच्यात पेरॉक्साइड बनण्याची प्रवृत्ती बरीच कमी आहे.

सांडल्यास किंवा पेटल्यास

ईथर फ्यूम हूडबाहेर सांडल्यास प्रथम सर्वांना सावध करून बाहेर काढावे. ज्योती व तापलेली उपकरणे बंद करणे सुरक्षितपणे शक्य असेल तरच करावे. बाष्पाने भरलेल्या जागेत कोणताही विजेचा खटका चालू किंवा बंद करू नये. हूडमध्ये थोडेसे सांडले असेल तर शोषक साहित्याने टिपून ते बंद डब्यात ठेवावे.

लहान पात्रातील आग काचेचे झाकण ठेवून विझू शकते. त्याहून मोठ्या आगीसाठी कोरडी रासायनिक भुकटी, कार्बन डायऑक्साइड किंवा अल्कोहोलरोधक फेस वापरतात. पाण्याचा झोत उपयोगी नाही, कारण पेटते ईथर पाण्यावर तरंगत पसरते. पहिल्या काही क्षणांत आग आटोक्यात आली नाही तर धोक्याची घंटा वाजवून बाहेर पडावे. कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये. जमिनीवर लोळावे किंवा जवळच्या सुरक्षा शॉवरखाली जावे.

ईथर बेसिनमध्ये ओतू नये. ते पाण्यात थोडेच विरघळते, उरलेले सांडपाण्याच्या नळांतून बाष्परूपाने इमारतीत अन्यत्र पोहोचते. हूडमध्ये उघडे ठेवून उडवून देणे ही विल्हेवाटीची रीत नव्हे. अनेक देशांत ते कायद्याचे उल्लंघनही ठरते. ज्वलनशील टाकाऊ द्रवांच्या डब्यात ते नोंदीसह जमा करावे. अमली पदार्थांच्या बेकायदा निर्मितीत उपयोग होत असल्याने १९८८ च्या संयुक्त राष्ट्र करारातही ईथरचा समावेश आहे. त्यामुळे खरेदी, साठा आणि विल्हेवाट यांच्या नोंदी काटेकोर ठेवाव्यात.

बाटलीचा वारसा

प्रयोगशाळेतील माणसे बदलतात, बाटल्या राहतात. संशोधन संपवून जाणारा विद्यार्थी, दुसऱ्या देशात नोकरी मिळालेला सहकारी, २०२० मध्ये महिनोन्महिने बंद राहिलेल्या प्रयोगशाळा यांच्या मागे कपाटांत ईथर उरले, आणि त्या काळातही पेरॉक्साइडची क्रिया थांबलेली नव्हती. प्रकल्प सोडताना आपल्या नावावरील प्रत्येक बाटली मोजून ती कोणाच्या स्वाधीन केली हे लिहून ठेवणे, आणि जी कोणालाच नको ती विल्हेवाटीसाठी पाठवणे, हा हाताळणीचाच शेवटचा टप्पा आहे. नव्या जागी रुजू होणाऱ्यानेही पहिल्याच आठवड्यात द्रावकांचे कपाट लांबूनच, काहीही न हलवता, पाहून घ्यावे. तारीख नसलेली बाटली दिसली तर ती कोणाची याचा शोध घेण्याआधी सुरक्षा विभागाला फोन करावा.